एकोणीस अंशांवरचं अंगण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात देशावरचं कुठलंही अंगण बाग म्हणवून घ्यायच्या लायकीचं नसतं. कुंपणाशी गुलबक्षीच्या वाळक्या काड्या पेरापेरांत मोडून पडलेल्या असतात, देवचाफा नागड्या फांद्या वर करून उभा असतो, कर्दळीच्या पानांच्या कडा करपलेल्या असतात आणि ज्या कुंडीत लिलीचे कांदे होते तिथे मातीला भेगा पडलेल्या असतात. मग एका दुपारी वारा सुटतो, धूळ उठते, टपोरे थेंब पडतात आणि वळीव कोसळतो. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. चारेक दिवसांनी त्या भेगाळलेल्या कुंडीतून लिलीचे गुलाबी कळे एकदम, जणू कुणी हाक मारल्यासारखे, वर येतात, पानं नंतर. गुलबक्षीच्या बुंध्याशी तांबूस कोंब दिसू लागतात. तिथली माती बोटाने उकरली तर खाली काळपट, गाजरासारखं जाड मूळ लागतं. वरचं सगळं वाळून गेलं तरी झाडाने आपली शिदोरी तिथे पुरून ठेवलेली असते. मृग लागेपर्यंत कुंपणाची कडा हिरवी होते, सांडलेल्या झेंडूचं बी रुजतं आणि ओल्या मातीवरून तो लाल मखमली मृगाचा किडा फिरायला लागतो. हा देखावा आपल्या इतका सवयीचा आहे की तो असाच चालत आला असणार असं वाटतं. पण त्यातली बरीचशी पात्रं पाचशे वर्षांपूर्वी या मातीत नव्हती. हिरवा पडदा तोच, पाऊसही तोच. नाटक मंडळी मात्र बाहेरून आलेली.

या फुलबागेचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक तऱ्हा अभिमानाची. तिच्यात दाराचं तोरण, देवळापुढचा चाफा आणि दसऱ्याचा झेंडू हे सगळं ऋषिमुनींच्या काळापासूनचं असतं. दुसरी तऱ्हा यादीची. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंध मेक्सिकोचा, गुलबक्षी अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली, कर्दळही तिथलीच, देवचाफा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, सदाफुली मादागास्करची, अनंत आणि शेवंती चीनकडच्या, मे महिन्यात चेंडूसारखी लाल फुलणारी फुटबॉल लिली आफ्रिकेची. ही यादी खरी आहे आणि ती वाचून पहिल्या तऱ्हेच्या माणसांचा हिरमोड होतो. पण यादी अर्धीच गोष्ट सांगते. कोण कुठून आलं हे तिच्यातून कळतं. कोण राहिलं, आणि का, हे कळत नाही. गेल्या पाचशे वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर आणि नंतर घाटावर परदेशी झाडं शेकड्यांनी उतरली. त्यांतली मोजकीच, माळ्याशिवाय, खताशिवाय, दरवर्षी नवं बी विकत न आणता घरोघरच्या अंगणात टिकली. माझं म्हणणं असं आहे की ही निवड राजाने केली नाही, पाद्र्याने किंवा साहेबानेही केली नाही. ती पावसाने केली. ज्या झाडांच्या मूळ गावीही हिवाळा कोरडा असतो, चैत्र-वैशाखात जमीन भाजून निघते आणि जूनच्या आसपास पाऊस येतो, ती झाडं इथे परकी राहिलीच नाहीत. वळवानंतर जी बाग उठते ती या नात्याची बाग आहे.

नकाशा काढून पाहिलं तर हे नातं बोटाने दाखवता येतं. मुंबई उत्तर अक्षांशाच्या १९ अंशांवर आहे, पुणं साडेअठरावर. मेक्सिको शहर साडेएकोणीसच्या जरा अलीकडे, पुएब्ला १९ वर. तिथलं वर्षही आपल्यासारखंच फिरतं: नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं, एप्रिल-मे सर्वांत गरम, मग मे संपता संपता पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हात आखडता घेतो. झेंडू या वेळापत्रकातच वाढलेला आहे. पावसाच्या तोंडाशी बी रुजतं, दोन-अडीच महिने रोपटं अंग धरतं, आणि दिवस लहान होऊ लागले की ते कळ्यांच्या मागे लागतं. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांनी त्याला 'वीस फुलं' अशा अर्थाचं नाव दिलं होतं, कारण एका बोंडात पाकळ्यांची दाटी. सोळाव्या शतकात फ्राय बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूने नाहुआंच्या सणांत या फुलाचा वापर नोंदवून ठेवला. आजही तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी घराच्या दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे पितरांना घर सापडावं. आपल्याकडे मृगात किंवा आषाढात टाकलेल्या रोपाला फुलं लागतात ती नवरात्राच्या सुमाराला, आणि ती दिवाळीपर्यंत पुरतात. झेंडूला इथे येऊन नवं काही शिकावं लागलं नाही; फक्त यजमान बदलले. कुणी म्हणेल, मेक्सिको शहर २,२०० मीटरहून उंचावर आहे, पुणं साडेपाचशेवर आणि मुंबई समुद्राला टेकलेली, मग हवा सारखी कशी? हवा सारखी नाहीच. झेंडू मेक्सिकोत उंच पठारावर वाढतो तसा खालच्या उष्ण भागातही वाढतो. त्याला थंडी-उष्णतेचा आकडा फार अडत नाही. अडतो तो क्रम: आधी कोरडं, मग ओलं, मग लहान दिवस. पावसाचं प्रमाण मात्र त्याला झोंबतं, आणि कोकणाच्या संततधारेत झेंडू भर श्रावणात कुजतो. तिथे गौर तेरड्याची असते, आणि तेरडा हा इथलाच. जाता जाता एक गंमत नोंदवायला हवी. सदाफुलीच्या मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो विषुववृत्ताच्या खाली, पण जवळजवळ तितक्याच १९ अंशांवर आहे. तिथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. सदाफुलीने त्याचं काही मनाला लावून घेतलं नाही. तिला दिवसाच्या लांबीशी कर्तव्य नसतं, म्हणून तर ती सदाफुली.

याच्या उलट बाजूचा पुरावा जास्त बोलका आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यानंतरची साडेचारशे वर्षं लिस्बनची जहाजं मांडवीत येत राहिली. नियम सत्तेचा असता तर गोव्याच्या अंगणात पोर्तुगालची फुलं दिसायला हवी होती. दिसत नाहीत. लिस्बनचा पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. तिथले नार्सिससचे कांदेही जमिनीखाली झोपतात, पण उन्हाळ्यात झोपतात आणि थंडीच्या चाहुलीने उठतात. असा कांदा कोकणात लावला की त्याच्या गाढ झोपेत आपला ज्येष्ठ-आषाढ येतो आणि तो जागच्या जागी सडतो. मालकाच्या देशाची फुलं हरली आणि त्याच्या शेजाऱ्याच्या, म्हणजे स्पेनच्या, वसाहतीतली जिंकली. मेक्सिको कधीच पोर्तुगीजांकडे नव्हता. तिथली झाडं इकडे यायला दोन वाटा होत्या. एक अटलांटिकवरून आधी सेव्हिल-लिस्बनच्या बागांत आणि तिथून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गोव्याला. दुसरी पॅसिफिकवरून, १५६५ पासून सुरू झालेल्या आकापुल्को-मनिला गलबतांनी फिलिपीन्सला आणि तिथून मलाक्काच्या व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, त्यामुळे दोन्ही वाटांवरची वर्दळ एकमेकींत मिसळली. गोव्यात झेंडूला 'रोजां' म्हणतात. शब्द पोर्तुगीजांच्या गुलाबाचा आहे, फूल मेक्सिकोचं आहे, आणि लावलं जातं ते दसऱ्याला. गोव्याच्या पावसात काळ्या ठिपक्यांनी झडणाऱ्या गुलाबाचं रिकामं नाव पाऊस ओसरता ओसरता फुलणाऱ्या फुलाला मिळालं असावं, असा माझा तर्क आहे. तर्क बाजूला ठेवला तरी नाव बोलतंच.

तारखांचा पुरावा थोडा आहे, पण ठाम आहे. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, तिथे त्याने बाग केली, पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यात पारिजातक आहे. रात्री फुलून पहाटे सडा टाकणारं 'उदास झाड' म्हणून ऑर्ता त्याचं वर्णन करतो, सूर्यावर भाळून जीव दिलेल्या मुलीची आपली गोष्ट सांगतो आणि त्याच्या केशरी देठांनी अन्नाला रंग देतात हेही लिहितो. म्हणजे आपलं अंगण त्याने जवळून पाहिलं होतं. पुढच्या शतकात कोचीनचा डच कमांडर हेंड्रिक व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला. मराठी वाचकाला या ग्रंथाची जवळीक वाटावी असं एक कारण आहे. ज्यांच्या ज्ञानावर तो उभा आहे त्यांत इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते, आणि त्यांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीतल्या कोकणीत छापलेली आहे. याच ग्रंथाच्या दहाव्या खंडात गुलबक्षी सापडते, 'अंतिमलरी' म्हणजे संध्याकाळचं फूल या मल्याळी नावाने. अकराव्यात कर्दळ आहे. अननसाचं त्यातलं नाव 'जहाजाचा फणस' अशा अर्थाचं आणि काजूचं 'जहाजाचा आंबा' अशा अर्थाचं. लोकांना ही दोन्ही कुठून आली ते आठवत होतं. गुलबक्षीच्या नावात मात्र जहाज उरलं नव्हतं. दोनशे वर्षांच्या आत ती घड्याळाचं काम करायला लागली होती. मराठीत तर तिने त्याच्याही पुढची मजल मारली. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या कोशात झेंडू आहे आणि गुलबासही आहे; आणि आज ज्यांनी ते झाड कधी पाहिलेलं नाही असे लोकही दुकानात गुलबक्षी रंगाचं लुगडं मागतात. परक्या फुलाला आपलं नाव मिळणं ही पहिली पायरी. त्याच्या नावाने रंग ओळखला जाणं ही मुक्कामाची खूण.

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की चाफा आणि शेवंती हे शब्द जुने आहेत, मग ती झाडं नवी कशी? याला उत्तर नाव आणि झाड वेगळं करून पाहण्यात आहे. मूळचा चंपक म्हणजे सोनचाफा, आणि तो इथलाच. त्याच्या वासाची किंवा घाटाची आठवण करून देणारं जे जे झाड आलं त्याला आपण चाफ्याचं आडनाव दिलं. हिरवा चाफा वेल आहे, नागचाफा वेगळ्याच कुळातला वृक्ष आहे, आणि देवचाफा अमेरिकेतला, तोडल्यावर पांढरा चीक गाळणारा. या तिघांपैकी एकही सोनचाफ्याच्या कुळातला नाही. शेवंतीचीही तीच कथा. जुन्या संस्कृत वाङ्मयातली सेमंती किंवा सेवंती म्हणजे पांढरा गुलाब. चीनकडून आलेल्या फुलाने ते नाव घेतलं आणि मूळ धनी विसरला गेला. मराठी घरात दत्तक मुलाला घराण्याचं नाव लागतं आणि दोन पिढ्यांत कुणाला आठवतही नाही, तसाच हा व्यवहार. जुन्या वाङ्मयाचा आधारही जपून घ्यावा लागतो. संत सावता माळी तेराव्या शतकातले. त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात मळ्यातल्या भाज्यांबरोबर मिरचीचा उल्लेख येतो. मिरची अमेरिकेतली, ती इथे आली सोळाव्या शतकात. याचा अर्थ अभंग खोटा असा नाही. तो गाणाऱ्यांच्या तोंडी वाढत राहिला आणि गाणाऱ्यांच्या मळ्यात आलेली मिरची त्यात जाऊन बसली. एखादी वस्तू किती जुनी वाटते यावरून ती किती जुनी आहे हे ठरत नाही, फार तर ती किती प्रिय आहे हे ठरतं.

नवं कुठे शिरलं आणि कुठे शिरू शकलं नाही, हे पाहिलं तर ही गोष्ट आणखी उलगडते. गणपतीच्या पूजेतली एकवीस पत्री घ्या: माका, बेल, दूर्वा, आघाडा, शमी, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डोरली, मरवा, जाई, केवडा वगैरे. ही यादी पोथीत बांधलेली आहे. तिच्यात झेंडूचं पान नाही, कर्दळीचं नाही, सदाफुलीचं नाही. आता त्याच पूजेच्या भोवतालची आरास घ्या. दाराचं तोरण, चौरंगाची कडा, गाडीला घातलेली माळ, शस्त्रांवर वाहिलेली फुलं, म्हणजे जिथे पोथीने तोंड उघडलेलं नाही तिथे झेंडूचंच राज्य. पोथीने दार बंद ठेवलं, अंगणाने उघडं ठेवलं. रंगांचीही वाटणी तशीच पडलेली दिसते. आपली जुनी फुलं बहुतेक पांढरी किंवा फिकी आणि वासाची: मोगरा, जाई, जुई, पारिजातक, बकुळ, सुरंगी. ती वेलींवर आणि झाडांवर येतात आणि केसांत माळायची असतात. जमिनीलगत भडक रंगाचा ताटवा करणारी फुलं आपल्याकडे अगदीच नव्हती असं नाही. तेरडा होता, कोरांटी होती, अबोली होती. पण ती जागा भरलेली नव्हती आणि नव्या पाहुण्यांनी नेमकी तीच धरली. मोगऱ्याला कुणी उठवलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की कोलंबसाच्या आधीही अमेरिकेतून झाडं भारतात आली होती. होयसळ देवळांतल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आणि त्याहून जुन्या शिल्पांत सीताफळ दिसतं, असा त्यांचा दावा आहे. दगडातल्या कणसाबद्दल वाद आहे आणि मला तो पुरावा कच्चा वाटतो. शिल्पकाराने कोरलेली दाटीची फळं कशाचीही असू शकतात. पण धोतऱ्याचं प्रकरण इतक्या सहज झटकता येत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने धोतऱ्याचे भाऊबंद अमेरिकेत आहेत, आणि तरी तो आपल्या जुन्या वैद्यकात आणि शंकराच्या पूजेत कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून आहे. वरच्या एकवीस पत्रींतही तो आहे. तेव्हा एखादं झाड आधी पोचलं असेल, हे मान्य करायला हरकत नाही. त्याने माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, उलट टेकू मिळतो. धोतरा कधी का येईना, आला आणि उकिरड्यावर, पडक्या भिंतीशी, कुणी न लावता टिकला. मात्र एका धोतऱ्याच्या गाडीला झेंडू, गुलबक्षी आणि देवचाफा जोडून सगळेच वेदकाळी नेणं बरोबर नाही. धोतऱ्याला जुन्या ग्रंथांची साक्ष आहे, या तिघांना ती नाही. आणि जो समाज दूर्वांच्या पात्यांची संख्या लिहून ठेवतो त्याने झेंडूसारखं झगझगीत फूल अंगणात असताना गाळलं असतं, हे पटत नाही.

इंग्रजांच्या काळात या निवडीची जणू जाहीर परीक्षा झाली. १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान निघालं, १८३० मध्ये मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली, १८६२ मध्ये राणीची बाग उघडली, १८७३ मध्ये गणेशखिंडीत आणखी एक उद्यान झालं. जॉन ग्रॅहॅम नावाच्या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने मुंबई आणि आसपासच्या झाडांची सूची केली. ती १८३९ मध्ये छापली, आणि छपाई चालू असतानाच त्याच वर्षी तो खंडाळ्याला वारला. त्या सूचीत रानातली आणि बागेतली झाडं एकाच पंगतीला बसली आहेत. या मंडळींनी हौसेने जे जे आणून लावलं त्यात स्वीट पी होता, पॅन्सी होती, फ्लॉक्स, पिटुनिया, कार्नेशन होतं. ही फुलं इथे येत नाहीत असं नाही. छान येतात, पण थंडीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरायचं, डिसेंबर-जानेवारीत फुलवायचं, मार्चच्या उन्हाने करपली की उपटून टाकायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट विकत आणायचं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं नावाजलेलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं ते काही उगाच नाही. साहेबाच्या बागेचा हंगाम हिवाळा. तिला माळी लागतो, झारी लागते, दरवर्षीचा खर्च लागतो. अंगणातल्या बागेचा हंगाम पावसाळा. तिला लागतो फक्त वळीव. एकाच गावात, एकाच मातीत, या दोन बागा दीडशे वर्षं शेजारी शेजारी नांदल्या, आणि पॅन्सी अजून पाकिटातूनच येते.

माणसांना मी या हिशेबातून वगळतो आहे, असं कुणाला वाटेल, आणि तो आक्षेप थोडा खरा आहे. पाऊस निवड करतो, पण निवडीसाठी उमेदवार अंगणापर्यंत पोचवावे लागतात. ते काम बहुतेक बायकांनी केलं आणि त्याची नोंद कुठल्याही सूचीत नाही. गुलबक्षीचं बी काळं, सुरकुतलेलं, मिऱ्यासारखं. चार दाणे पदराच्या टोकाला बांधून माहेराहून सासरी नेता येतात, आणि फोडलं तर आत पांढरी भुकटी निघते, म्हणून मुलंही ते खेळायला नेतात आणि वाटेत सांडतात. निशिगंधाचा गड्डा सुटा करून शेजारणीला देता येतो, देवचाफ्याची फांदी तोडून आठवडाभर सावलीत सुकवली आणि खोचली की लागते. कर्दळीला न्हाणीच्या पाण्याची जागा मिळाली, कारण तिथे तशीही ओल असायची आणि अळूखेरीज दुसरं काही नेटाने वाढत नसे. म्हणजे लोकांनी काय केलं? फुकट मिळेल, हातोहात देता येईल, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यात वाटा मागणार नाही, असंच झाड जवळ केलं. चैत्रानंतर जिथे प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथे फुलझाडाला पाणी घालायची पद्धत पडणं शक्यच नव्हतं. तुळस तेवढी अपवाद. बायकांची निवड आणि पावसाची निवड अशी एकाच दिशेला गेली, कारण पाण्याची ओढाताण झाडालाही होती आणि घरालाही. डोंगरावरचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होताच. रानहळद, कळलावी, कुलू, गडंबीकंद ही सह्याद्रीतली झाडं आठ महिने जमिनीखाली काढतात आणि पहिल्या सरींबरोबर उठतात. मेलेलं दिसणारं झाड मेलेलं नसतं, हे इथल्या माणसाला गुलबक्षी येण्याआधीच ठाऊक होतं.

या नात्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. जी हवा झेंडूला मानवली तीच घाणेरीला मानवली आणि गाजर गवतालाही. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणूनच भारतात आणली गेली, कुंपणाला लावली गेली, आणि तिथून सुटून तिने डोंगरउतार व्यापले. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं आणि तिथून देशभर पसरलं. तेही मेक्सिकोच्या बाजूचंच. पिवळा कॉसमॉस तर अजून पुष्कळांना बागेतलं फूल वाटतो, पण पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला भाद्रपदात तो स्थानिक गवतांची आणि रानफुलांची जागा घेताना दिसतो. हवामानाचं साम्य नीतिमान नसतं; ते पाहुण्याला घर देतं आणि घुसखोरालाही. झेंडू आणि कॉसमॉस एकाच देशातले, एकाच कुळातले; फरक इतकाच की एक कुंपणाच्या आत राहिला, दुसरा बाहेर पडला. त्यामुळे 'परदेशी ते उपटा' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण 'निसर्गात सगळं चालतं' म्हणणाऱ्यांशीही नाही. टेकडीवरचा कॉसमॉस फुलण्याआधी उपटायलाच हवा, आणि त्याचं बी पाकिटांतून वाटणं आधी थांबायला हवं.

गेल्या तीसेक वर्षांत या बागेवर तिसरीच वेळ आली आहे. अंगणं गेली, त्यांच्या जागी सोसायटीचं लॉन आणि बाल्कनीतल्या कुंड्या आल्या. लॉनला बाराही महिने पाणी, कुंडीला रोज सकाळी तांब्याभर. ज्या कांद्याला कोरडं पडणं हीच फुलण्याची तयारी, त्याला आपण तहान लागूच देत नाही. मग तो गवतासारखी पानं वाढवत बसतो आणि वळीव येऊन गेला तरी कळा धरत नाही. दुसरीकडे, जी कुंडी खरोखर वाळली, तिच्यातला कांदा मेला असं समजून एप्रिलमध्ये ती माती कचऱ्यात जाते. दोन्ही चुका टाळायला खर्च काही नाही. मार्चनंतर लिलीच्या आणि निशिगंधाच्या कुंडीचं पाणी तोडावं, गुलबक्षीच्या वाळक्या काड्या काढाव्यात पण मूळ उकरू नये, कुंड्या छपराखालून काढून उघड्यावर ठेवाव्यात आणि मृग नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे २२ जूनपर्यंत, काहीही फेकू नये.